घर चाकांवर, संसार मोबाइलवर

बेंगळुरूच्या यशवंतपूर बाजार आवारात पहाटेच्या वेळी कन्नड आणि तमिळच्या जोडीला मराठीही कानावर पडते. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या भागांतला कांदा येथे उतरतो आणि त्याच्याबरोबर चालक व क्लीनरही येतात. माल उतरला म्हणजे काम संपले असे होत नाही. परतीचे भाडे मिळेपर्यंत एक दिवस जातो, कधी तीन जातात. तोवर त्यांचा मुक्काम ट्रकच्या केबिनमध्येच असतो. सीटमागची आडवी फळी हे अंथरूण, पायाशी ठेवलेला स्टोव्ह हे स्वयंपाकघर आणि आरशाजवळ लावलेली देवाची तसबीर हे देवघर. घरातली माणसे मात्र या घरात नसतात. ती असतात मोबाइलच्या पडद्यावर.

पुणे ते बेंगळुरू हे अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटरचे आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४ आणि आता ४८ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असे टप्पे घेत नेलमंगलला पोहोचतो. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना मज्जाव असतो. त्यामुळे कित्येक ट्रक रात्र होईपर्यंत वेशीबाहेर ताटकळत असतात. या महामार्गावर फिरणारा चालक महिन्यातले किती दिवस स्वतःच्या घरी झोपतो, याचा हिशेब त्याच्या घरचीच माणसे सांगू शकतील.

केवळ ट्रकचालकांचीच ही कथा नाही. बेंगळुरूत टॅक्सी चालवणारे अनेक जण लांबच्या खेड्यांतून आलेले आहेत. महागडे घरभाडे वाचवण्यासाठी, किंवा पहाटेचे भाडे हुकू नये म्हणून, त्यांतले काही रात्री गाडीतच काढतात. देवनहळ्ळीजवळच्या विमानतळाच्या परिसरात सीट मागे टाकून डुलकी घेणारे चालक सहज दिसतात. ट्रकवाल्याला आठवडा केबिनमध्ये काढावा लागतो आणि टॅक्सीवाल्याला रात्र. पण दोघांचीही एक गरज सारखीच आहे: परवडणारे आणि भरवशाचे इंटरनेट.

चैन नव्हे, गरज

‘ट्रकमध्ये कसले इंटरनेट हवे? सिनेमे पाहायला?’ असे कोणी सहज विचारील. पण गेल्या काही वर्षांत चालकाचे सगळे कामकाजच मोबाइलवर आले आहे. १ एप्रिल २०१८पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. फेब्रुवारी २०२१पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. खात्यात पैसे नसतील तर नाक्यावर खोळंबा होतो आणि ते पैसे भरायचे मोबाइलवरूनच. ऑक्टोबर २०२०पासून वाहनाची कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवली तरी ग्राह्य धरली जातात. परतीचे भाडे दलालाच्या फोनवरून किंवा अ‍ॅपवरून मिळते. डिझेलचे आणि जेवणाचे पैसे मालक ऑनलाइन पाठवतो. टॅक्सीचालकाचे तर भाडेच अ‍ॅपवर येते. इंटरनेट बंद पडले की त्याचे दुकानच बंद झाले म्हणायचे.

यापलीकडे आहे ते घर. मुलीचा निकाल, आईचे रक्तदाबाचे दुखणे, शेतात आलेली मजुरांची टोळी, बारशाचा मुहूर्त या सगळ्या गोष्टी चालकाला फोनवरच कळतात. म्हणून इंटरनेटवर किती पैसे खर्च करायचे हा त्याच्या घरखर्चातला एक महत्त्वाचा प्रश्न आहे. गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर मोठ्या रिचार्जमध्ये नसून नीट केलेल्या हिशेबात आहे.

पिवळ्या पाटीपासून खिशापर्यंत

नव्वदीच्या दशकात महामार्गावरच्या ढाब्याशेजारी ‘एसटीडी-पीसीओ’ची पिवळी पाटी दिसली की चालक गाडी बाजूला घेत. रात्री दर उतरले की रांग लागे. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळू लागत आणि बोलणाऱ्याची नजर बायकोच्या आवाजापेक्षा त्या आकड्यांवरच खिळून राही. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. पण दोन्ही गोष्टी तेव्हा ट्रकवाल्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

मोबाइल हाती आल्यावरही एक अडचण उरली, ती म्हणजे रोमिंग. सीमा ओलांडून कर्नाटकात शिरले की दर बदलत. कित्येक चालक म्हणून महाराष्ट्राचे एक आणि कर्नाटकाचे एक अशी दोन सिमकार्डे बाळगत. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली, दरांची स्पर्धा पेटली आणि २०१७मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही देशांतर्गत रोमिंगचे शुल्क काढून टाकले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ साली एक जीबी डेटाला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. पुढच्या दहा वर्षांत हा दर दहा रुपयांच्या आसपास आला. सीमा ओलांडली म्हणून आता कोणाचे बोलणे महाग होत नाही.

स्वस्ताईचा हा प्रवास सरळ मात्र राहिला नाही. जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. ठरावीक उत्पन्न असलेल्या माणसाला ही वाढ जाणवतेच आणि चालकासारख्या अनिश्चित कमाईच्या माणसाला तर ती अधिकच जाणवते.

आधी गरज मोजा

रिचार्ज निवडण्यापूर्वी दिवसाला खरोखर किती डेटा लागतो, हे पाहावे. आकडे फोन आणि नेटवर्कप्रमाणे बदलतात, तरीही ढोबळ अंदाज बांधता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेल्या निरोपाला नगण्य डेटा लागतो. त्यावरून आवाजी बोलणे केले तर मिनिटाला साधारण अर्धा एमबी जातो. व्हिडिओ कॉलला मिनिटाला चार-पाच एमबी लागतात, म्हणजे वीस मिनिटांच्या गप्पांना शंभर एमबी. नकाशावर रस्ता पाहत जाण्याला तासाला पाच ते दहा एमबी पुरतात. फास्टॅग, बँक, ई-वे बिल या कामांना फारसे काहीच लागत नाही.

या सगळ्याची बेरीज केली तर चालकाचे काम आणि घरच्यांशी बोलणे दिवसाला तीनशे-चारशे एमबीत आटोपते, म्हणजे अर्ध्या जीबीच्या आतच. बाकीचा डेटा जातो कुठे? तर चित्रफितींत. मध्यम स्पष्टतेचा व्हिडिओ तासाला तीनशे ते पाचशे एमबी घेतो आणि अधिक स्पष्ट चित्र हवे असेल तर एक जीबीही पुरत नाही. परतीच्या भाड्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला करमणूक हवीच, त्यात चुकीचे काही नाही. पण फोनमधील अ‍ॅपमध्ये जाऊन चित्राची स्पष्टता कमी केली की तेवढ्याच डेटात दुप्पट-तिप्पट वेळ चित्रपट पाहता येतो. फोनच्या छोट्या पडद्यावर फरकही फारसा कळत नाही. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली छायाचित्रे आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. नात्यातल्या चार-पाच ग्रुपांतले ‘सुप्रभात’चे फोटो महिन्याकाठी बराच डेटा फस्त करतात!

आणखी एक युक्ती अनुभवी चालकांना ठाऊक असते. रोजच्या ठरावीक डेटाच्या योजनेत उरलेला डेटा मध्यरात्री बाद होतो आणि नवा सुरू होतो. तेव्हा रात्री गाडी उभी असताना, बारा वाजण्यापूर्वी, उरलेल्या डेटातून दुसऱ्या दिवसाची भजने, गाणी, चित्रपट आणि पुढच्या मार्गाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. घाटात किंवा बोगद्यात नेटवर्क गेले तरी उतरवलेला नकाशा चालू राहतो.

दिवसाचा डेटा संपला म्हणून घाबरून लगेच नवा रिचार्ज करण्याचेही कारण नाही. बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो, पण सेवा बंद होत नाही. व्हिडिओ चालणार नाही, पण लिहिलेला निरोप जातो आणि येतो. अगदीच अडले तर एका दिवसाचा छोटा डेटा रिचार्ज मिळतो. २०२४च्या दरवाढीनंतर त्याला वीस रुपयांच्या आत-बाहेर पडत असत.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

मासिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच योजना प्रत्यक्षात २८ दिवसांच्या असतात. वर्षात अशा योजनेचे बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. वर्षाचा हिशेब बाराने करणाऱ्या गृहिणीला म्हणूनच शेवटी एका रिचार्जची तूट येते. ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी. अशी योजना दुकानदार आपणहून सांगतोच असे नाही. ती मागून घ्यावी लागते.

लांब मुदतीची योजना सहसा स्वस्त पडते. एक उदाहरण पाहा. जुलै २०२४मध्ये जिओची रोज दीड जीबीची २८ दिवसांची योजना २९९ रुपयांना होती आणि तेवढ्याच डेटाची ८४ दिवसांची योजना ७९९ रुपयांना. तीन वेळा २९९ म्हणजे ८९७ रुपये. एकदाच रिचार्ज केल्याने ९८ रुपये वाचत होते आणि ऐन प्रवासात मुदत संपण्याची धास्तीही कमी होत होती. दर पुढे-मागे होत राहतात. म्हणून रिचार्जच्या दिवशी योजनेच्या किमतीला तिच्या दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा आणि मगच दोन योजनांची तुलना करावी. हा साधा भागाकार केला की जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांना कोणी भुलत नाही.

अडचण इतकीच की आठशे रुपये एकरकमी काढणे प्रत्येकाला जमत नाही. अशा वेळी भाड्याचे पैसे हातात आले त्याच दिवशी रिचार्ज करून टाकणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग घरच्यांचा. रिचार्ज गावाहूनही करता येतो. मुदत संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली, तर रस्त्यात असलेल्या माणसाचा फोन बंद पडत नाही.

दोन सिम, पण वेगवेगळ्या कंपन्यांची

घरात राहणाऱ्याला एका कंपनीचे नेटवर्क चांगले मिळाले की काम भागते. गाडीत राहणाऱ्याचे तसे नसते. त्याचा पत्ता दर तासाला बदलतो. एका कंपनीचे नेटवर्क जिथे मिळत नाही तिथे दुसरीचे असू शकते. म्हणून दोन सिमच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे असावीत. एकाच कंपनीची दोन कार्डे घेऊन हा उद्देश साधत नाही.

मुख्य सिमवर डेटाची योजना ठेवावी. दुसऱ्यावर खर्च कमीत कमी व्हावा. त्यासाठी एक चांगली सोय अलीकडेच झाली आहे. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने नियम बदलून, डेटा नको असलेल्या ग्राहकांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएस यांच्या योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्यानुसार जानेवारी २०२५मध्ये एअरटेलने ३६५ दिवसांची अशी योजना १,८४९ रुपयांना आणली, म्हणजे दिवसाला पाच रुपयांच्या आसपास. मघाच्या ८४ दिवसांच्या योजनेचा रोजचा खर्च साडेनऊ रुपये होता. दोन्ही मिळून दिवसाचे पंधरा रुपयेही होत नव्हते. ढाब्यावरच्या चहाइतकाच हा खर्च झाला. अशा योजनेवर अडीअडचणीला डेटाचा छोटा रिचार्ज करता येतो की नाही, हे मात्र घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

केबिनमध्ये चालक आणि क्लीनर असे दोघे असतील तर दोघांनीही मोठ्या डेटाच्या योजना घेण्याची गरज नाही. एकाने डेटा घ्यावा आणि हॉटस्पॉटवरून दुसऱ्याला द्यावा. दुसऱ्याने बोलण्याची स्वस्त योजना घ्यावी आणि खर्च वाटून घ्यावा. दोघांचे फोन वेगळ्या कंपन्यांचे असले तर अधिकच चांगले. हॉटस्पॉटला पासवर्ड घालायला मात्र विसरू नये, नाहीतर शेजारच्या ट्रकमधले पाहुणे फुकट जेवून जायचे!

बीएसएनएलचाही विचार व्हावा. २०२४च्या दरवाढीत ही सरकारी कंपनी सामील झाली नाही, त्यामुळे अनेक ग्राहक तिच्याकडे वळले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तिच्या स्वदेशी ४जी सेवेचे देशव्यापी उद्घाटन झाले. आपल्या नेहमीच्या मार्गावर तिचे नेटवर्क कसे आहे हे त्याच मार्गावरच्या इतर चालकांकडून समजून घ्यावे आणि मगच दुसरे सिम म्हणून घ्यावे. जुलै २०१५पासून नंबर तोच ठेवून देशातल्या कोणत्याही भागात कंपनी बदलता येते. त्यामुळे कंपनी बदलण्यासाठी जुना नंबर सोडण्याची वेळ येत नाही.

नंबर जपणे म्हणजे घर जपणे

गाडीत राहणाऱ्याला कायमचा पत्ता नसतो, त्याचा मोबाइल नंबर हाच त्याचा पत्ता. आधार, बँक, फास्टॅग, वाहन परवाना, मालक, दलाल आणि मुलांची शाळा या सगळ्यांकडे तोच नंबर दिलेला असतो. पैसे काढायचे, कागद दाखवायचे, तर ओटीपी त्याच नंबरावर येतो. पैशांची ओढाताण झाली म्हणून दोन-तीन महिने रिचार्ज टाळला आणि नंबर हातचा गेला, तर नुसता फोन बंद होत नाही. माणूस स्वतःच्याच पैशांपासून तुटतो.

ट्रायचा २०१३चा एक नियम येथे उपयोगी पडतो. प्रीपेड नंबराचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. पण खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर तेवढे कापून मुदत ३० दिवसांनी वाढवली जाते. म्हणून कमी वापराच्या सिममध्ये थोडी शिल्लक ठेवावी आणि त्यावरून अधूनमधून एखादा कॉल किंवा एसएमएस करावा. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सांगण्यात आले. त्यानंतर मात्र तो दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ शकतो. नंबर बदलायचाच असेल तर आधी बँक आणि आधारमध्ये नवा नोंदवावा आणि मगच जुना सोडावा.

फोन चोरीला जाणे हाही गाडीतल्या मुक्कामाचा नेहमीचा धोका. उकाड्याने काच खाली करून झोपलेल्या चालकाचा उशाजवळचा फोन सहज उचलला जातो. अशा वेळी आधी कंपनीला कळवून सिम बंद करावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या सेवेतून फोनही बंद करून घ्यावा. मे २०२३पासून ही सोय देशभर उपलब्ध आहे. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. आजच तो वहीत लिहून घरी ठेवावा. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा.

फुकटचे वाय-फाय किती खरे?

बेंगळुरू हे संगणकांचे शहर. तेव्हा तेथे इंटरनेट रस्त्यावर फुकट मिळत असेल, अशी अनेकांची समजूत असते. तसा प्रयत्न झालाही होता. जानेवारी २०१४मध्ये ‘नम्म वाय-फाय’ नावाने महात्मा गांधी रोड, ब्रिगेड रोड, तसेच यशवंतपूर आणि शांतीनगर बसस्थानक अशा काही ठिकाणी मोफत सेवा सुरू झाली. माणशी रोज ५० एमबी अशी तिची मर्यादा होती. पुढे मोबाइलवरचा डेटाच इतका स्वस्त झाला की अशा सेवेचे आकर्षण ओसरले आणि ती टिकली नाही.

रेल्वे स्थानकांवरचे वाय-फाय मात्र टिकले. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली रेलटेलची ही सेवा पुढे सहा हजारांहून अधिक स्थानकांवर पोहोचली. मोबाइल नंबरावर आलेला ओटीपी टाकला की रोज अर्धा तास ती मोफत मिळते. मार्च २०२१मध्ये सुरू झालेल्या सशुल्क योजनांत दहा रुपयांत एका दिवसासाठी पाच जीबी मिळत होते. यशवंतपूरचे रेल्वे स्थानक बाजार आवारापासून जवळ आहे. मोठा चित्रपट किंवा अ‍ॅपची मोठी सुधारित आवृत्ती उतरवायची असेल, तर अशा ठिकाणाचा उपयोग होतो. रोजच्या वापरासाठी मात्र त्यावर विसंबता येत नाही.

यापुढे खरी आशा आहे ती ढाब्यावरच्या वाय-फायची. डिसेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ या योजनेला मान्यता दिली. तिची कल्पना जुन्या पीसीओसारखीच आहे. चहावाला, किराणा दुकानदार किंवा ढाबेवाला आपल्या ब्रॉडबँडवरून लोकांना काही रुपयांच्या कुपनावर वाय-फाय विकू शकतो आणि त्यासाठी त्याला परवाना लागत नाही. नोव्हेंबर २०२४पर्यंत देशात अशी दोन लाखांहून अधिक केंद्रे झाली होती. दुकानदारांना कंपन्या महागडी व्यावसायिक जोडणी घ्यायला लावत, ही मोठी अडचण होती. जून २०२५मध्ये ट्रायने त्यावर मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकार घेता येणार नाही. ज्या ढाब्यावर पन्नास ट्रक रात्री थांबतात, त्याच्या मालकाने हा विचार जरूर करावा. गिऱ्हाइकाचीही सोय आणि गल्ल्यातही भर!

सार्वजनिक वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करू नयेत. तेवढ्यापुरता आपल्या सिमचा डेटा सुरू करावा.

केबिनमधल्या बारीकसारीक गोष्टी

चार्जर विकत घेताना गाडीचा व्होल्ट पाहावा. मोटारीत आणि छोट्या टेम्पोत १२ व्होल्टची बॅटरी असते, तर मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची. ‘१२-२४ व्होल्ट’ असे स्पष्ट लिहिलेला चार्जरच ट्रकमध्ये लावावा. केवळ १२ व्होल्टचा स्वस्त चार्जर तेथे जळू शकतो आणि फोनही बिघडवू शकतो.

पत्र्याच्या केबिनमध्ये नेटवर्क क्षीण होते. गाडी उभी असताना फोन काचेजवळ ठेवला तर फरक पडतो. मात्र दुपारच्या उन्हात डॅशबोर्डवर तो तापू देऊ नये.

नेटवर्क वाढवणारे ‘बूस्टर’ बाजारात आणि ऑनलाइन विक्रीला दिसतात. ते घेण्याच्या फंदात पडू नये. आपल्याकडे खासगी व्यक्तीने असे यंत्र बाळगणे आणि वापरणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे आसपासच्या सगळ्यांच्याच नेटवर्कमध्ये बिघाड होतो. अमेरिकेत मोटरहोममध्ये राहणारी कुटुंबे बूस्टर लावतात, काही जण छपरावर उपग्रहाची तबकडी बसवून स्टारलिंकचे इंटरनेट घेतात. भारतात स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५मध्ये मिळाला. पण परदेशात ही सोय वापरणारे बहुधा हौसेने फिरणारे असतात. पोटासाठी केबिनमध्ये राहणाऱ्याला परवडते ते खिशातले सिमकार्डच.

हात चाकावर, नजर रस्त्यावर

स्वस्त इंटरनेटने एक मोठा धोकाही केबिनमध्ये आणला आहे. चालत्या गाडीत फोन कानाला लावणे किंवा व्हिडिओ पाहणे हा दंडनीय गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२०पासूनच्या नियमानुसार हातातल्या उपकरणाचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित न होईल अशा रीतीने करता येतो. येथे घरच्यांची जबाबदारी मोठी आहे. ‘फोन का उचलला नाही?’ या रागाच्या प्रश्नाने कित्येक चालक चालत्या गाडीत फोन उचलतात. त्याऐवजी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. रात्रीच्या जेवणाचा थांबा ही त्यासाठी चांगली वेळ. काळजी वाटत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘लाइव्ह लोकेशन’ आठ तासांपर्यंत सुरू ठेवता येते. गाडी पुढे सरकते आहे हे घरी बसून दिसते आणि चालकाला त्रास होत नाही. तातडीचा निरोप असेल तर मालकाला किंवा क्लीनरला कळवावे. त्यासाठी त्यांचे नंबर घरी लिहून ठेवलेले हवेत.

विश्रांतीची गोष्टही याच्याशी जोडलेली आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम ठरवून दिलेले होते. रात्रभर पडद्याकडे पाहून पहाटे गाडी काढणारा चालक स्वतःच्याच जिवाशी खेळतो. तेल कंपन्यांनी महामार्गांवर चालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रामगृहे उभारली आहेत. जुलै २०२५पर्यंत अशी साडेतीनशेहून अधिक ठिकाणे आणि त्यांत साडेचार हजारांहून अधिक खाटा झाल्या होत्या. झोपायला खाट, आंघोळीला पाणी आणि स्वतः स्वयंपाक करण्याची जागा तेथे असते. एखादी रात्र तेथे पाठ टेकली तर केबिनमधल्या चार रात्रींचा शीण उतरतो.

कुटुंबासाठी म्हणून माणूस घर सोडतो आणि गाडीलाच घर करतो. त्याच्यापर्यंत पोहोचणारी दोरी आता फार महाग राहिलेली नाही. थोडा हिशेब, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, कॅलेंडरवर लिहिलेली एक तारीख आणि बोलण्याची ठरलेली वेळ एवढ्यावर ती टिकते. पुढच्या खेपेला घरातला माणूस गाडी काढील, तेव्हा डब्याबरोबर त्याच्या रिचार्जची मुदतही एकदा पाहून घ्यावी.